मळवलीच्या दगडांवरचे रंग

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या देवघरावर लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. आजीने तिच्या पदराला जर आणि टिकल्या चिकटवल्या. त्या जरीखालून लाल रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसतो. तेवढ्यावरून कळते, हे चित्र दगडावरून उतरले आहे.

शिळाछापाची रंगीत चित्रे महाराष्ट्राला आधीच ओळखीची होती. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रशाळा १८७८ पासून चालू होती. पण चित्रकार राजा रविवर्मांना तैलचित्राचा भास देणारी छपाई हवी होती. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती काढाव्यात, असे बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना १८८४ मध्येच लिहिले होते. रविवर्मांनी मात्र यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून इकडे आणले. गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार झाले आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. पहिले चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे.

मुंबईत प्लेग शिरला. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, सोलापूरकडे येणाऱ्याच लोहमार्गावर.

काम चिकाटीचे. चुनखडीचा दगड वाळूने घोटायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने ओला करायचा. ओल्या भागावर तेलकट शाई बसत नाही, खडूच्या खुणांवर बसते. प्रत्येक रंगछटेला वेगळा दगड. गालावरची लाली हवी असेल तर कारागीर ठिपक्यावर ठिपका देत बसे, तोही उलट्या चित्रात. एकच कागद या सगळ्या दगडांवरून जाई. एकदा चुकला की लाल रंग काठाबाहेर. ज्या हातांनी हे ठिपके दिले त्यांची नावे चित्राखाली नाहीत. मला ही मोठी उणीव वाटते, कारण घराघरांत पोचलेली लक्ष्मी त्यांचीही आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

चित्रे खपत होती, तरी कर्ज वाढत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. छापखाना पुढे कित्येक दशके चालला. लेबले आणि जाहिरातींची कामेही त्याने केली. १९७२ मध्ये तो आगीत सापडला.

आमच्या तसबिरीची काच मी गेल्या दिवाळीत बदलून घेतली. आजीची जर तशीच ठेवायला सांगितली.