रडारवरील समुद्राचा गोंगाट

दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर रडार आले, तेव्हा ते चालविणाऱ्यांना समुद्राचाच मोठा उपद्रव होई. पाण्याबाहेर आलेल्या पाणबुडीचा बारीक ठिपका शोधावा, तर लाटांवरून परतलेल्या लहरींनी पडदा भरून जाई. हा गोंगाट दाबावा कसा, याचीच अभियंत्यांना विवंचना असे. त्या गोंगाटातच समुद्राची खबर दडलेली आहे, हे उमगावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

न्यूझीलंडचे डग्लस क्रॉम्बी यांचे एक छोटेसे टिपण १९५५ साली ‘नेचर’ नियतकालिकात आले. त्यांनी समुद्रावर सोडलेल्या रेडिओलहरींची लांबी सुमारे २२ मीटर होती. परतताना त्यांची कंपनसंख्या सेकंदाला ०.३८ आवर्तनांनी बदललेली आढळली. समुद्रावर लहानमोठ्या असंख्य लाटा असताना बदल मात्र असा ठराविकच का? क्रॉम्बींचा उलगडा असा : ज्या लाटांच्या दोन माथ्यांतील अंतर रेडिओलहरीच्या निम्मे, म्हणजे ११ मीटर असते, त्यांच्यावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात, इतर लाटांवरच्या एकमेकींना मारून टाकतात. खोल पाण्यात ११ मीटरांची लाट ताशी सुमारे १५ किलोमीटर धावते. हा वेग धरून गणित केले की ०.३८ हाच आकडा निघतो. लाट रडारकडे येत असेल तर कंपनसंख्या वाढते, दूर जात असेल तर घटते.

उताराचा प्रश्न निराळा. त्याची भरवशाची मोजणी आधी झाली ती रडारने नव्हे, उन्हाने! १९५१ साली चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी हवाई बेटांजवळ बी-१७ विमानातून पाण्यावरील चकाकीची छायाचित्रे घेतली. सूर्याचा किरण नेमका कॅमेऱ्याकडे वळवील असा कललेला पाण्याचा तुकडाच तेवढा चमकतो. म्हणून चकाकी जितकी दूरवर पसरलेली, तितके उतार अधिक. वाऱ्याचा वेग सेकंदाला १४ मीटर झाला की सर्वसाधारण उतार १६ अंशांच्या घरात जातो, असे त्यांना आढळले. पाण्यावर तेल पसरले की बारीक तरंग निवत आणि उतारही उतरे.

पण ऊन ढगाआड जाते, आणि रात्री तर नसतेच. अमेरिकेच्या नासा संस्थेतील फ्रेडरिक जॅक्सन यांनी पुढे हे काम विमानातील रडारवर सोपविले. झोत जवळजवळ सरळ खाली, थोडासा तिरपा सोडावयाचा. लाटेची रडारकडे कललेली बाजू ठळक दिसते, पलीकडची फिकी. झोत गोल फिरविला की ज्या दिशेला हा फरक सर्वांत अधिक, तीच लाटेची वाट. आणि फरकाच्या प्रमाणावरून उतार निघतो.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी अवकाशात गेलेल्या फ्रेंच-चिनी उपग्रह ‘सीएफओसॅट’वरील यंत्र याच तत्त्वावर, सुमारे ७० ते ५०० मीटर लांबीच्या लाटांसाठी बांधलेले होते. अशा लांब लाटा दक्षिण हिंदी महासागरातील वादळातून निघून काही दिवसांनी गोव्याच्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा तेथे वारा पडलेलाही असतो. होड्या बाहेर काढणाऱ्यांना वर पाहून त्यांचा काही सुगावा लागत नाही.

या पद्धतीत एक उणीव मात्र राहिली. लाट कोणत्या रेषेवर आहे हे फिरता झोत सांगतो. ती त्या रेषेवर येत आहे की जात आहे, हे सांगत नाही. क्रॉम्बींच्या रडारला जे सहज कळे, त्यासाठी येथे वाऱ्याची किंवा हवामानाच्या गणिताची साक्ष काढावी लागते.