इनामगाव : एका बेचिराख गावाची हकिकत

महसुली दप्तरात ओसाड पडलेल्या गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. मूळ शब्द फारसी, बे-चिराग. म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावाजवळ, घोड नदीच्या काठी असेच एक गाव आहे. मात्र कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही, कारण तिथला शेवटचा दिवा इ. स. पू. ७०० च्या सुमारास विझला. आजचे इनामगाव नांदते आहे. ओसाड झाली ती नदीकाठची जुनी वस्ती. तिची खूण म्हणून पांढरीची टेकाडे तेवढी उरली.

काळी शेताची आणि पांढरी वस्तीची, ही विभागणी आपल्या खेड्यांत सर्वांना माहीत आहे. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिली की चुलीतली राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडे, खापरे यांचे थर साचत जातात आणि जमिनीचा रंग पालटतो. पुरातत्त्वज्ञाला जुने गाव सापडते ते पुष्कळदा या रंगामुळेच. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे १९६८ मध्ये खणायला सुरुवात केली आणि ते काम १९८० नंतरही काही काळ चालू होते. एरवी विहिरीसारखा खड्डा घेऊन थरांचा क्रम तपासला जातो. त्यातून काळ कळतो, पण गाव दिसत नाही. येथे उत्खनन आडवे, विस्तृत केले गेले. म्हणून १३० हून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या आणि शेजारपाजार कसा होता ते दिसले.

जळक्या कोळशातील कार्बन-१४ मोजून वस्तीचे तीन कालखंड ठरवले गेले. इ. स. पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. (जोर्वे हे प्रवरेकाठचे, संगमनेरजवळचे गाव. तेथे ही मातीची भांडी प्रथम ओळखली गेली, म्हणून हे नाव.) लोखंड अद्याप आलेले नव्हते. हत्यारे तांब्याची आणि त्याहून कितीतरी जास्त दगडाची.

पूर्व जोर्वे हा गावाचा बहराचा काळ. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची प्रशस्त चौकोनी घरे, वाजवली तर खणखणणारी भाजकी लाल भांडी, त्यांवर काळी नक्षी. मुख्य पीक जव. जोडीला थोडा गहू, मसूर, कुळीथ. हे धान्य तीन हजार वर्षे टिकले ते जळाल्यामुळे! कच्चा दाणा कुजतो. कोळसा झालेला दाणा आकार टिकवून राहतो. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खनकांचे मत आहे. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध घातलेला होता आणि सुमारे ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल पाट खणलेला होता. दगडी अवजारांनी एवढी माती उपसायची तर कोणीतरी माणसे जमवणारा हवा आणि त्या माणसांना पोटाला देणारे कोठारही हवे.

इ. स. पू. १००० नंतर चित्र बदलते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, गुरांची हाडे कमी आणि हरणांची जास्त आढळतात. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पर्जन्यमान घटले, शेती बुडाली आणि लोक शिकारीकडे व मेंढ्या-शेळ्यांकडे वळले. हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, आणि वर्गात सांगायलाही सोपे. पण ते पुरेसे आहे का?

येथे साक्ष काढावी लागते ती मुलांची. इनामगावात अडीचशेच्या आसपास दफने सापडली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि हे सारे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. (प्रौढांना पुरताना घोट्याखालची पावले तोडत. मृताने गाव सोडून जाऊ नये म्हणून असे करत असावेत, असा तर्क आहे.) या सांगाड्यांचा अभ्यास आधी जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी आणि पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी केला. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उपासमारीत हाडांची वाढ खुंटते, पण दातांची वाढ तितकीशी अडत नाही. म्हणून दातांवरून मुलाचे वय काढायचे आणि मांडीच्या हाडाची लांबी व जाडी त्या वयाला शोभते का ते पाहायचे. उत्तर जोर्वे काळातली मुले या कसोटीत मागे पडतात.

शुग यांचे पुस्तक २०११ मध्ये आले. त्यांच्या मते इ. स. पू. १००० ला पाऊस एकाएकी घटल्याचा पुरावा भक्कम नाही. हा पट्टा त्याआधीपासूनच कोरडा होता. मुलांच्या दफनांचाही त्यांनी वेगळा अर्थ लावला. दफनांत तान्ह्या मुलांचे प्रमाण वाढले की मृत्यू वाढले असे आपण पटकन म्हणतो. पण जन्म वाढले तरीही तसेच दिसते. खाणारी तोंडे वाढली, जमीन तेवढीच राहिली आणि त्याची किंमत मुलांच्या हाडांनी मोजली, असा त्यांचा एकंदर रोख आहे. आम्हाला हे स्पष्टीकरण जास्त पटते. हवामान सर्वांवर सारखे येते. त्याची झळ कोणाला किती लागते हे मात्र कोठारावर आणि घरातल्या तोंडांवर ठरते. तरीही एक गाठ सुटत नाही. याच काळात गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली दायमाबाद, नेवासे यांसारखी गावे इ. स. पू. १००० च्या सुमारासच ओस पडली, आणि घोड-भीमा खोऱ्यातले इनामगाव पुढे तीनशे वर्षे तग धरून राहिले. तीनशे वर्षे म्हणजे दहा-बारा पिढ्या. त्यांतल्या एकीलाही आपण शेवटाकडे चाललो आहोत असे वाटले असण्याचे कारण नाही. आजोबांच्या घराला कोपरे होते, एवढे फार तर एखाद्या पिढीला आठवत असेल.

शेवटी ती माणसे गेली कोठे? ढवळीकरांच्या मते ती मेंढ्या-शेळ्या घेऊन भटकी झाली. मेंढपाळाचा तळ चार दिवसांत हलतो, त्याची पांढर होत नाही, त्यामुळे इ. स. पू. ७०० नंतर त्यांचा माग काढणे फार अवघड जाते.