कॉफीच्या मळ्यांतील किडा आणि एका शल्यवैद्याची तपासणी

कॉफीचा पेला हाती घेताना ती पिकविणाऱ्या झाडाच्या खोडाचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्या खोडात शिरलेल्या एका अळीने कोडगू आणि म्हैसूरच्या डोंगरांतील मळेवाल्यांची झोप उडविली होती. तो इतिहास सांगण्यासारखा आहे, श्रोतेहो. कारण त्यात किड्याइतकाच माणसाच्या घाईचाही वाटा आहे.

मडिकेरीजवळ युरोपियनांचा पहिला मळा १८५४ साली उभा राहिला आणि मग जमिनीसाठी झुंबड उडाली. जुने देशी शेतकरी रानातली मोठी झाडे राखून त्यांच्या सावलीत कॉफी लावीत. नवे मळेवाले मात्र सिलोनचा कित्ता गिरवू लागले. तेथे उघड्या उन्हात कॉफी घेण्याची रीत होती. आणि सावली काढली की पहिली काही वर्षे पीक भरघोस येते, हेही खरेच. तेव्हा रान साफ तोडून, जाळून, डोंगरांचे उतार बोडके करण्यात आले. पुढे १८६५-६६ च्या सुमारास पाऊस कमी पडला आणि झाडे उभीच्या उभी वाळू लागली. पाने पिवळी पडत, फांद्या माना टाकीत, आणि झाड जरा वाकविले की खोड कटकन मोडे. आत पाहावे तो सगळा भुसा!

मद्रास सरकारने १८६७ साली चौकशीसाठी डॉ. जॉर्ज बिडी यांची नेमणूक केली. हे गृहस्थ पेशाने शल्यवैद्य. पुढे मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे ते प्रमुख झाले. त्यांचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध झाला. किडा कोणत्या औषधाने मरेल एवढाच प्रश्न मळेवाल्यांना पडला होता. बिडींनी मात्र रोग्याकडे पाहावे तसे झाडाकडे पाहिले: हे झाड का मेले आणि शेजारचे का वाचले? उत्तर त्यांना सावलीत सापडले. उघड्यावरच्या मळ्यांची दैना झाली होती; सावलीतल्या कॉफीला उपद्रव पुष्कळच कमी होता.

पुढील संशोधनाने हे निदान पक्के केले. हा भुंगेरा जेमतेम दीड सेंटीमीटर लांब, काळा, अंगावर पांढरट पट्टे असलेला. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्याच्या उडण्याचे दिवस. मादीला ऊब आणि लख्ख ऊन प्रिय; उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत ती अंडी घालते. अळी आधी सालीखाली कुरतडते, तेव्हा खोडावर कंकणासारखे उंचवटे दिसू लागतात. मग ती गाभ्यात शिरते आणि कित्येक महिने तेथेच काढते. आपल्यामागे ती भुसा असा ठासून भरीत जाते की बाहेरून ओतलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. आंब्यातल्या भिरुडाला तारेने टोचून काढता येते, भोकात रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपता येतो. कॉफीत ती युक्ती चालत नाही, कारण भुंगेरा बाहेर पडेपर्यंत भोकच दिसत नाही.

मग हळूहळू मळ्यांत पांगारा आणि सिल्व्हर ओक उभे राहू लागले. रॉबर्ट एलियट या म्हैसूरच्या जुन्या मळेवाल्याने १८९४ सालच्या आपल्या ग्रंथात सावलीचा हिरिरीने पुरस्कार केला आहे. तोवर जुना 'चिक' वाण मागे पडून त्याची जागा 'कुर्ग' वाणाने घेतली होती. रोबस्टा कॉफीला या किड्याचा उपद्रव जवळजवळ होत नाही. तो ग्रासतो अरेबिकाला, आणि चवीसाठी नावाजलेली कॉफी नेमकी तीच! विसाव्या शतकात बी.एच.सी. आणि लिंडेन ही विषे खोडांना फासली गेली; पहिल्यावर भारतात १९९७ साली बंदी आली, दुसऱ्याचा वापर २०१३ साली थांबविण्यात आला. बिडींच्या सावलीला मात्र कोणाला बंदी घालावी लागली नाही.

परसात हौसेने अरेबिकाची चार झाडे लावणाऱ्यांनाही हाच मार्ग आहे. झाडांवर सावली हवी. भुंगेऱ्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी खोडाची सैल साल काथ्याने हलकेच घासून काढावी. खालच्या जिवंत सालीला इजा होऊ देऊ नये. खोडाला आणि जाड फांद्यांना शेकडा दहा प्रमाणात कालविलेला चुना लावावा. खोडावर उंचवटे आलेले झाड मार्च आणि सप्टेंबरपूर्वीच उपटून जाळावे. ते सरपणाच्या ढिगात ठेवून देऊ नये, कारण वाळलेल्या खोडातूनही भुंगेरे बाहेर पडतात आणि थेट शेजारच्या झाडावर जातात.