ठाणे-कल्याण परिसरातील ताडी व मोहाची पेयपरंपरा आणि अबकारी कायदे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आंबवलेल्या पेयांचा इतिहास म्हणजे युरोपीय बिअरचा इतिहास, असा समज रूढ आहे. परंतु धान्याऐवजी झाडांचा रस व फुले यांवर आधारलेली एक स्वतंत्र परंपरा जुन्या ठाणे जिल्ह्यात नांदत होती. ब्रिटिश अबकारी धोरणाने तिचे काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेचे स्वरूप

किनारपट्टीवर माडापासून माडी व ताडापासून ताडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होय. फुलोऱ्याला छेद देऊन त्याला मडके बांधले जाते. त्यात साठणारा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. नैसर्गिक यीस्टमुळे ती काही तासांतच आंबते. ताडीतील मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ४ ते ६ टक्के, म्हणजे जवळजवळ बिअरइतकेच असते.

कल्याणच्या पूर्वेकडील मुरबाड-शहापूरच्या जंगलपट्ट्यात मोहाला महत्त्व होते. उन्हाळ्याच्या आरंभी गळणारी फुले वेचून वाळविली जात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणून उपयोगी पडत, तसेच आंबवून त्यांची दारूही गाळली जाई. वारली, ठाकूर, कातकरी आदी जमातींच्या सामाजिक जीवनात या पेयांना स्थान होते.

अबकारी कायदे

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय ताडीसाठी झाडे छेदणे व दारू गाळणे हा गुन्हा ठरला. ताडीच्या झाडांवर झाडागणिक कर बसला, तर दारूचे उत्पादन मध्यवर्ती भट्ट्यांत, मक्तेदारांच्या हाती एकवटले. परिणामी सौम्य ताडी महागली आणि तीव्र दारूची बाजारपेठ सुरक्षित झाली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. चोरट्या भट्ट्या रोखणे हा त्यामागील हेतू असला, तरी फुलांवरील निर्बंध हा गरिबांच्या अन्नावरीलही निर्बंध होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागील प्रेरणा महसुलाची नव्हे, तर समाजसुधारणेची होती. तथापि मोहफुलांवरील नियंत्रण त्यातही राहिले.

सौम्य पेयावर अधिक कठोर बंधन, ही विसंगती अन्यत्रही आढळते. आइसलँडमध्ये १९१५ मध्ये दारूबंदी लागू झाली. १९२२ मध्ये वाइनला व १९३५ मध्ये तीव्र मद्यांना मोकळीक मिळाली. बिअरवरील बंदी मात्र १ मार्च १९८९ रोजी उठली.

निष्कर्ष

२००९ मध्ये पुण्यात लघुमद्यनिर्मितीगृह सुरू झाले आणि हस्तनिर्मित बिअरला शहरी प्रतिष्ठा लाभली. मोहफुलांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने शिथिल केले ते २०२१ मध्ये, म्हणजे १८९२ नंतर १२९ वर्षांनी. एकाच प्रकारचे कौशल्य शहरात उद्योग व जंगलपट्ट्यात गुन्हा ठरते, तेव्हा त्याचे कारण पेयाच्या गुणधर्मात नसून ते बनविणाऱ्यांच्या सामाजिक स्थानात शोधावे लागते. व्यसनाचे दुष्परिणाम नाकारता येत नाहीत. परंतु ठाणे जिल्ह्यातील अबकारी कायद्यांनी व्यसनाइतकाच एका उपजीविकेवर आणि तिच्याशी निगडित ज्ञानावर आघात केला, हेही नोंदविणे आवश्यक आहे.