मोजणाराचें घड्याळ

लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं जोशीबुवा पूर्वीं मांडवांत घटिकापात्र मांडीत. पाण्याच्या भांड्यांत तांब्याची एक वाटी तरंगत ठेवावयाची, तिच्या बुडाशीं बारीक छिद्र, त्यांतून पाणी आंत शिरावयाचें आणि वाटी भरून बुडाली कीं एक घटिका झाली असें समजावयाचें. अशा साठ घटिकांचा एक दिवस, म्हणजे एका घटिकेचीं २४ मिनिटें. कोणती तरी क्रिया नियमानें पुनःपुन्हां घडावी, आणि ती किती वेळां घडली तें कोणीं तरी मोजावें, एवढेंच कालमापनाचें मूळ तत्त्व. तें या वाटींत पुरतें सामावलेलें आहे. परंतु त्याबरोबर तीन शंकाही तिच्यांत दडलेल्या असत. वाटीचें छिद्र बरोबर आहे काय? वाटी अर्धी भरली असतां वेळ विचारली तर त्या अर्ध्याचा हिशेब कसा करावा? आणि पहिली वाटी पाण्यावर सोडली ती सूर्योदयाच्या नेमक्या क्षणींच सोडली काय? प्रयोगशाळेंत विद्युत्कंपनें मोजणारें जें यंत्र असतें, ज्याला फ्रीक्वेन्सी काउंटर म्हणतात, तें निवडतांना जाणकार लोक याच तीन शंका विचारतात.

इ. स. १६५६ मध्यें हॉलंडमधील हायगेन्स यानें लंबकाचें घड्याळ योजिलें, तेव्हां वाटीच्या जागीं लंबक आला. १८८० सालीं जॅक व पियर क्यूरी या फ्रेंच बंधूंना असें आढळलें कीं, गारेच्या जातीचा स्फटिक दाबला असतां त्यावर विद्युत् प्रकट होते. उलटपक्षीं त्याच स्फटिकास विजेनें चाळविलें तर तो आपल्या ठराविक गतीनें कांपूं लागतो. या गुणाचा उपयोग करून १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉरन मॅरिसन यानें स्फटिकाचें घड्याळ सिद्ध केलें. आतां प्रश्न उरला तो मोजण्याचा. सेकंदास हजारों वेळां होणारें कंपन माणसाचा डोळा मोजूं शकत नाहीं, आणि दांत्यांचें चाकही त्यापुढें थकतें. १९३२ सालीं केंब्रिज येथें विन-विल्यम्स यानें अणूंतून सुटणारे कण मोजण्यासाठीं एक युक्ति प्रसिद्ध केली. विजेच्या नळ्यांची एक मालिका करावयाची; प्रत्येक जोडीनें दोन ठोके घ्यावयाचे आणि पुढच्या जोडीस एकच द्यावयाचा. अशा रीतीनें ठोक्यांची गर्दी निम्म्यानिम्म्यानें ओसरत जाऊन अखेरीस साध्या यंत्राच्या आंवाक्यांत येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या झपाट्यानें वाढली, आणि १९५० नंतर थोड्याच काळांत सेकंदास एक कोटि कंपनें मोजून आंकडा थेट दाखविणारीं यंत्रें विकत मिळूं लागलीं.

हें यंत्र देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखें काम करतें. त्याच्या पोटांत स्वतःचा एक स्फटिक असतो. त्याच्या आज्ञेनें दार एक सेकंद उघडें राहतें आणि तेवढ्यांत जितकीं कंपनें आंत येतील तितकीं मोजलीं जातात. परंतु दार लागण्याच्या क्षणीं उंबरठ्यावर असलेलें कंपन आंतलें कीं बाहेरचें, हें पहारेकऱ्यास सांगतां येत नाहीं. म्हणून एकाची चूक गृहीतच धरावी लागते. एक कोटींत एक ही चूक कोणाच्या खिजगणतींत नाहीं. पण घरांतील विजेचीं कंपनें सेकंदास अवघीं ५०. तेथें एकाची चूक म्हणजे शेंकडा दोन झाली! अशा वेळीं चतुर मनुष्य उलट रीत धरतो. सेकंदांत कंपनें किती, हें न विचारतां एका कंपनास वेळ किती, हें तो विचारतो. यंत्रांतील स्फटिक सेकंदास एक कोटि वेळां कांपत असेल तर विजेच्या एका कंपनांत त्याचीं दोन लक्ष कंपनें होतात, आणि पन्नासांत एक असलेली चूक दोन लक्षांत एकावर येते. त्याहून सूक्ष्म अवधि मोजावयाचा तर अर्ध्या भरलेल्या वाटीचेंही मोजमाप करणारी योजना लागते. १९७८ सालच्या सुमारास अमेरिकेंत सेकंदाच्या अब्जांशाचा पन्नासावा भाग ओळखणारें यंत्र तयार झालें. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील केवळ ६ मिलिमीटर चालतो.

तथापि बारीक मोजणें निराळें आणि खरें मोजणें निराळें. दहा आंकडे दाखविणाऱ्या यंत्राचा स्फटिक दहा लक्षांत एकानें चुकत असेल तर अखेरचे तीन-चार आंकडे केवळ शोभेचे होत. उन्हाळ्या-हिवाळ्यानें स्फटिकाची गति बदलते. म्हणून चांगल्या यंत्रांत तो सम उष्णतेच्या पेटींत ठेवतात, आणि त्याहूनही अधिक निश्चिति हवी तर त्यास बाहेरच्या अणुघड्याळाची जोड देतात.

पण स्फटिकाची परीक्षा करणारा हा अणु प्रमाण कसा ठरला? फार काळ हा मान पृथ्वीकडे होता. दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद. पुढें पृथ्वीचें भ्रमणच एकसारखें नाहीं असें दिसून आलें. १९५५ सालीं इंग्लंडांत टेडिंग्टन येथें लुई एसेन व जॅक पॅरी यांनीं सीझियम धातूच्या अणूवर चालणारें कालप्रमाण उभें केलें. तिकडे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेंत मार्कोविट्झ व हॉल हे चंद्राचे वेध घेऊन काल ठरवीत होते. रेडिओचे कालसंकेत दोन्हीं ठिकाणीं ऐकून मेळ घालण्यांत आला, आणि १९५८ सालीं उत्तर प्रसिद्ध झालें: एका सेकंदांत ९,१९,२६,३१,७७० कंपनें; चूक फार तर वीसांची. १९६७ सालीं याच आंकड्यावर सेकंदाची व्याख्या बसविली गेली.

एवढें साधल्यावर तिसरी शंका मिटली असें कोणासही वाटलें असतें. सप्टेंबर २०११ मध्यें इटलींतील ग्रान सासो पर्वताखालच्या ऑपेरा नांवाच्या प्रयोगांतून एक खळबळजनक वार्ता आली. जिनीव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो कण सुमारें ७३० किलोमीटरांचें अंतर प्रकाशापेक्षां सेकंदाचे सुमारें ६० अब्जांश आधीं कापतात, असें मोजणीनें दिसत होतें. तें खरें ठरतें तर आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा पायाच हादरला असता. त्या शास्त्रज्ञांनीं विजयाचा डांगोरा न पिटतां चूक शोधण्याचें आवाहन जगाला केलें. महिन्यांच्या तपासणीनंतर फेब्रुवारी २०१२ मध्यें दोन दोष समोर आले. उपग्रहाकडून येणारी वेळ मुख्य घड्याळाकडे नेणाऱ्या प्रकाशतंतूचें टोंक नीट आवळलेलें नव्हतें. त्यामुळें संकेत उशिरां पोंचे आणि कणांचा प्रवास वाजवीहून कमी भरे. दुसरा दोष घड्याळांतील कंपकाचा. त्याची गति नेमकी नव्हती, मात्र त्याचा परिणाम उलट दिशेचा होता. दोष काढल्यावर न्यूट्रिनो प्रकाशाच्याच गतीनें चालतांना आढळले. मार्चमध्यें प्रयोगाच्या दोघां प्रमुखांनीं आपलीं पदें सोडलीं.

तेथें उणी पडली ती मोजणीची सूक्ष्मता नव्हे. एक सैल जोड आणि एक न तपासलेला कंपक यांनीं सारा हिशेब फिरविला. म्हणून काउंटर घेणारानें किती आंकडे दिसतात हें शेवटीं पाहावें. आधीं त्याच्या पोटांतील स्फटिक कोणाशीं ताडला आहे तें विचारावें, मग आपल्याला कंपन मोजावयाचें कीं अवधि तें ठरवावें, आणि यंत्रापर्यंत येणारी प्रत्येक तार स्वतः तपासावी. मांडवांतला जोशी वाटी पाण्यावर सोडण्यापूर्वीं तिचें छिद्र उजेडाकडे धरून पाही आणि सूर्योदयाकडे दृष्टि लावून बसे. त्याचें साधन ओबडधोबड होतें. परंतु मोजण्यापूर्वीं काय पाहावें, हें त्यास ठाऊक होतें.