हप्त्याची तारीख: खडी फोडण्यापासून बँकेच्या मेसेजपर्यंत

नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या खोलीतून बोलतोय, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

आजचा प्रश्न साधा आहे. सरकारनं गरीब घरात रोख पैसे दिले आणि ते कशावर खर्च करायचे हे सांगितलंच नाही, तर त्यातून एखादा छोटा धंदा उभा राहतो का? 'लाडकी बहीण' आल्यापासून हा वाद चहाच्या टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत सगळीकडे चालू आहे. "फुकट पैशानं लोक आळशी होतात" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण हे वाक्य २०२४ चं नाही. आपल्या महाराष्ट्रात ते किमान दीडशे वर्षं जुनं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी घाम, मग दाणा

१८७६ ते ७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ. सोलापूर, अहमदनगर, पुणे, कलादगी, सगळा पट्टा होरपळलेला. सरकारनं मदत दिली, पण दुष्काळी कामावर येईल त्यालाच. रस्त्याची खडी फोडा, तलाव खणा, मग मजुरी घ्या. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं ही मजुरी आणखी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा संपच म्हणा. आणि टेंपलसाहेब? त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

यामागचा विचार नीट बघा. सरकारला भीती वाटत होती की मदत सोपी केली तर ज्याला गरज नाही तोही रांगेत येईल. म्हणून मदतच इतकी कष्टाची करायची की खरा भुकेलाच येईल. १८८० च्या दुष्काळ आयोगानंही 'कामाची कसोटी' हे तत्त्व म्हणून कायम ठेवलं. काम न करता मदत मिळायची ती म्हातारे, अपंग, आजारी अशांनाच. पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई आली, पण ते कर्ज होतं, आणि तेही विहीर, बांध, बी, बैल अशा ठरलेल्या कामासाठी. हातात मोकळा पैसा कुणालाच नाही.

१९७२ आणि माझ्या पगाराची स्लिप

आता एकदम १९७२ वर येऊ. घरातल्या आजीला विचारा, बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की ती सुकडी आणि खडी हेच दोन शब्द काढेल. पण या वेळी एक मोठा फरक होता. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना सरकारनं उचलली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'काम द्या' ही विनंती राहिली नाही, तो हक्क झाला. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याची मुळं इथं आहेत.

मजा म्हणजे तुमच्या-माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 'पीटी' म्हणून जे पैसे कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करायलाच आला. शहरातल्या नोकरदारानं गावातल्या मजुराच्या रोजाला हातभार लावायचा, असा तो करार.

तरी मूळ कल्पना तीच राहिली: आधी घाम, मग दाम. १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली आणि दर महिन्याला रोख रक्कम सुरू झाली, पण ती निराधार, अपंग, विधवा अशांसाठी. धडधाकट माणसाला बिनकामाचा पैसा द्यायला सरकार अजून तयार नव्हतं.

टेंभलीचा नंबर

मग बदललं काय? माझ्या धंद्यातलं उत्तर देतो: डेटाबेस. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते दिल्ली-मुंबईत नाही, तर आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण सुरू झालं, २०१४ मध्ये जनधन खाती आली, आणि मधली साखळी वगळून थेट खात्यात पैसे टाकणं शक्य झालं.

२०१९ मध्ये पीएम-किसान: दर चार महिन्यांनी २,००० रुपये. पण त्यासाठी जमीन नावावर हवी. शेतात राबणाऱ्या कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर नसतंच. म्हणून २८ जून २०२४ ला जाहीर झालेली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' वेगळी ठरते. २१ ते ६५ वयाची बाई, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये. पात्रतेच्या अटी आहेत, पण खर्चाची अट नाही. हीच 'बिनशर्त' रोख मदत. दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात ती गेली.

मग धंद्याचं काय?

द्वारकावरून जो मुंबई–आग्रा महामार्ग जातो, तो तसाच धुळे, सेंधवा करत इंदूरला पोचतो. त्याच इंदूर भागातल्या गावांमध्ये २०११–१२ मध्ये 'सेवा' या महिला संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये दिले, लहान मुलांना त्याच्या निम्मे. अट काही नाही. एका आदिवासी गावातही असेच पैसे दिले. लोक आळशी झाले का? उलट, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून लोक स्वतःच्या शेताकडे, जनावरांकडे, छोट्या कामधंद्याकडे वळले. आणि दारू? जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जगभरातले असे १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख पैशानं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यात दिसलं नाही.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो केनियातला प्रयोग. काही गावांना पैसे एकरकमी दिले, काहींना तेवढेच पैसे दोन वर्षं महिन्याच्या हप्त्यानं, आणि काहींना तोच मासिक हप्ता, पण बारा वर्षं मिळणार असं पक्कं सांगून. २०२३ मध्ये निकाल आले. एकरकमीवाल्यांनी धंदे जास्त काढले, ते अपेक्षितच होतं. दोन वर्षांचा हप्ता मिळालेले त्यात मागे राहिले. पण बारा वर्षांची खात्री असलेल्यांनीही धंदे उभे केले. कसे? हप्ते एकत्र गोळा करून आळीपाळीनं एकेकाला सगळी रक्कम द्यायची, अशा गटांतून.

ओळखीचं वाटतंय ना? अहो, ही तर आपली भिशी!

हिशेब करा. दहा जणी, प्रत्येकीचे १,५००. दर महिन्याला एकीच्या हातात १५,००० रुपये. १,५०० मध्ये किराणा आणि गॅस निघतो, भांडवल निघत नाही. १५,००० मध्ये पिको-फॉलची मशीन येते, शेवयांचं यंत्र येतं, भाजीच्या गाडीचा पहिला माल येतो. सावकार नाही, तारण नाही, व्याज नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या 'माविम'नं आणि नंतर 'उमेद'नं गावोगावी जे बचत गट बांधले, त्यांनी हिशेबाची वही ठेवायची सवयही लावलीय. म्हणजे पैशाचं भांडवल करायचं तंत्र आपल्या बायकांकडे आधीपासून आहे.

फक्त त्या तंत्राला एक गोष्ट लागते: तारीख. भिशीत एकीचा हप्ता चुकला की दहाही जणींचं गणित मोडतं. जिचा नंबर सहाव्या महिन्यात आहे, तिला सहाव्या महिन्यातही सगळ्यांचा हप्ता येणार ही खात्री हवी.

इथेच आपली गाडी अडते. २०२४ च्या दिवाळीआधी पाच महिन्यांचे ७,५०० रुपये जमा झाले, नोव्हेंबरचा हप्ता तर आगाऊ. कारण निवडणूक होती. २०२५ च्या जूनपासून सुमारे २६ लाख खात्यांचा लाभ छाननीसाठी थांबला. त्यात अपात्र लोक होते, अगदी पुरुषही होते, त्यामुळे छाननी हवीच. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं. ज्यांचे दोघंही हयात नाहीत त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली.

तांत्रिक भाग एका वाक्यात सांगतो, घरी उपयोगी पडेल: आधारवर येणारा पैसा फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, तो आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिथे जातो. हप्ता 'आलाच नाही' म्हणणाऱ्या आईला किंवा काकूला आधी हे तपासून द्या.

मला यात एक सरळ रेषा दिसते. १८७७ मध्ये गरिबाला आपली गरज दगड फोडून सिद्ध करावी लागायची. आज ती ओटीपी टाकून सिद्ध करावी लागते. दगडापेक्षा ओटीपी कधीही बरा, यात वाद नाही. पण संशय तोच आहे, आणि त्याची किंमत पुन्हा गरजू बाईच मोजते. म्हणून "फुकट द्यावं की नाही" यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जे द्यायचं ठरलंय ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, निवडणूक असो वा नसो, येणार का? छाननी करायचीय तर हप्ता थांबवण्याआधी बाईला नोटीस आणि बाजू मांडायला मुदत मिळणार का? माझा पगार एका तारखेला येतो म्हणून मी ईएमआयवर लॅपटॉप घेऊ शकतो. तिच्या शिलाई मशीनचं गणितही याहून वेगळं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, गावात अशी भिशी चालत असेल तर कोणी काय उभं केलं ते व्हॉइस नोटनं पाठवा. नाव नको, फक्त हिशेब सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये बचत गटांचा इतिहास घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!