प्रयोगाची अभ्यासक्रमाशी सांगड : मुंबई, होशंगाबाद, खिरोदा आणि आपलं औसा

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचा संशोधन आराखडा लिहून होत आलाय. विज्ञान शिक्षणाकडे वळलेल्यांच्या आराखड्यात एक शीर्षक हमखास असतं, 'प्रात्यक्षिक प्रयोगांची शालेय अभ्यासक्रमाशी सांगड'. माझ्याही पहिल्या आराखड्यात हेच होतं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "सांगड कुठे घालणार? पुस्तकात, वर्गात की परीक्षेत?" मला उत्तर देता आलं नाही. या तिन्ही ठिकाणी सांगड घालायचे प्रयत्न आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेलेत, आणि तो इतिहास मी एमएस्सीपर्यंत ऐकलासुद्धा नव्हता.

आधी औशाचं सांगतो. आम्ही शिकलो ती बालभारतीची पुस्तकं. त्यात जागोजागी 'करून पहा' अशी चौकट असायची. मातीच्या धड्यात चौकट होती की वेगवेगळ्या मातीतून पाणी किती झिरपतं ते पहा. आम्ही काय केलं? गाईडमधून 'निष्कर्ष' उतरवून घेतला. प्रयोगाचं कपाट होतं, त्याला कुलूपही होतं. परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं आम्ही काचेतूनच पाहिली. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते असं. काळ्या मातीत पाणी का मुरत नाही, हे मात्र आम्हाला दोन गुणांच्या उत्तरापुरतंच माहीत होतं.

आता इतिहासाकडे येऊ. कृती आणि अभ्यासक्रम जोडायची कल्पना आपल्याकडे काही परदेशातून आयात झालेली नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम आली. तिचा कणा होता समवाय, म्हणजे हस्तोद्योगातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकवायचं. टकळीवर सूत काततानाच फेरे मोजायचे, कापूस कुठल्या जमिनीत येतो ते बघायचं. कल्पना जबरदस्त होती. पण पालकांना ते गरिबाचं दुय्यम शिक्षण वाटलं आणि परीक्षेने नोकरीची वाट वेगळीच ठेवली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो आम्ही भोगलाय. कागदी फुलं आणि फायलीला लावलेलं चकचकीत कव्हर एवढाच त्याचा उरलेला अर्थ.

विज्ञानाच्या बाजूने वारं वेगळं होतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत शाळेतल्या विज्ञानाबद्दल एकदम काळजी सुरू झाली. भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम करायचं काम तिथे १९५६ मध्येच हाती घेतलेलं होतं, त्याला आता पैसा आणि जोर मिळाला. ब्रिटनमध्ये १९६२ पासून नफील्ड प्रकल्प आला. या सगळ्यांचा सूर एक होता, की मुलांनी वैज्ञानिकासारखं काम करावं. पण त्यामागे भरलेली प्रयोगशाळा गृहीत होती. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गावर पत्रे असले तरी पुष्कळ झालं.

हे आपल्याकडे कसं करायचं, याचा एक प्रयत्न मुंबईत झाला. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकशास्त्र गटाने प्रयोगांवर आधारलेली पुस्तकं तयार केली होती. त्यात डून स्कूलमधले बी. जी. पित्रे हे महत्त्वाचं नाव. ती पद्धत मुंबई महापालिकेच्या शाळांत वापरून बघायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ पुढे आले. यशपाल आणि वि. गो. कुलकर्णी ही त्यातली नावं. कुलाब्याच्या अणुविज्ञानाच्या संस्थेतून उठून ही माणसं पालिकेच्या वर्गात जात होती. याच अनुभवातून दोन वेगळ्या वाटा फुटल्या. माझ्या मते संशोधनाला बसण्याआधी तुम्ही वाचायला हवं ते नेमकं हेच वळण.

पहिली वाट मध्य प्रदेशात गेली. टीआयएफआरमधलेच रेण्वीय जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल नोकरी सोडून होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि किशोर भारती ही संस्था उभी केली. तिथल्याच रसूलिया गावात क्वेकर मंडळींचं फ्रेंड्स रूरल सेंटर होतं. दोघांनी मिळून १९७२ मध्ये शासनाच्या परवानगीने १६ शाळांत, सहावी ते आठवीसाठी, प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. मुंबईतल्या पुस्तकांचा आधार घेतला, पण लवकरच कळलं की ती खेड्यात तशीच्या तशी चालत नाहीत. दिल्ली विद्यापीठातले लोक आले, गावातले शिक्षक स्वतः बदल सुचवू लागले आणि 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं तयार झाली. त्यात निष्कर्ष छापलेलाच नसायचा! चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करायच्या, प्रत्येक टोळीचे आकडे फळ्यावर यायचे आणि ते का जुळत नाहीत यावर वर्गात भांडण व्हायचं. मुलांना प्रश्न पडला तर सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्र टाकायचं, त्याचं उत्तर यायचं.

मला स्वतःला यातलं सर्वात धाडसाचं काम पुस्तक वाटत नाही, परीक्षा वाटते. आठवीच्या परीक्षेत मुलं पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची. प्रात्यक्षिक परीक्षा खरोखरची असायची. आता विचार करा, वही सोबत न्यायची म्हटल्यावर वहीत काय असेल याला किंमत येते. आपल्याकडे जर्नलवर सही मिळाली की ते माळ्यावर जातं.

शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणं व्हायची, दर महिन्याला बैठक व्हायची, वर्गात जाऊन पाठपुरावा व्हायचा. १९७८ मध्ये हा कार्यक्रम अख्ख्या जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी पुण्यातल्या टेल्कोमधून रजा काढून अरविंद गुप्ता किशोर भारतीत पोचले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांची खेळणी तिथलीच. तेच गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकात मुलांसाठी काम करत राहिले. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था निघाली आणि तिने पसारा इतर जिल्ह्यांत नेला.

आणि २००२ मध्ये राज्य शासनाने हे सगळं बंद केलं. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली.

का? तुम्हाला इथे 'राजकारण' असं एका शब्दात लिहायचा मोह होईल. राजकारण होतंच, मागणी जिल्हा नियोजन समितीतून आली होती. पण मांडलेला मुद्दा नीट वाचा. तक्रार अशी होती की या जिल्ह्याची मुलं दहावीच्या बोर्डात मागे पडतात, त्यांना राज्यभराचंच पुस्तक द्या. दोष खरंच या कार्यक्रमाचा होता का, यावर तेव्हाही वाद झाला. मला वेगळीच गोष्ट दिसते. कार्यक्रम सहावी ते आठवीचा. नववीला मुलगा पुन्हा त्याच जुन्या पुस्तकात आणि घोकंपट्टीच्या परीक्षेत. म्हणजे आठवीपर्यंत सांगड पक्की आणि नववीच्या उंबरठ्यावर सुटलेली. ज्या पालकाचं एकच पोरगं शिकतंय, त्याने दहावीचा निकाल पाहू नये तर काय पाहावं? लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे समजवून सांगायची गरज नाही. अकरावी-बारावीला औशाहून लातूरला खोली करून राहणाऱ्या पोरांच्या घरी यापेक्षा वेगळा हिशेब नसतो.

दुसरी वाट महाराष्ट्रातच राहिली. १९७४ मध्ये टीआयएफआरने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं आणि वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख झाले. बरीच वर्षं ते नाना चौकातल्या पालिकेच्या शाळेतूनच चाललं. सत्तरच्या दशकात त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केलं. त्यांचा निर्णय होशंगाबादच्या बरोबर उलटा. पुस्तक बदलायचं नाही, परीक्षाही बदलायची नाही, आहे त्या चौकटीत मूल कुठे अडतं ते शोधायचं. आणि सापडलं काय, तर मूल भाषेत अडतं. पाठ्यपुस्तकातलं मराठी पोराला परकं होतं. तोच आशय सोप्या मराठीत लिहिला की समज वाढते, हे केंद्राने अभ्यास करून दाखवलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई पालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम करून, योग्य मदत मिळाली तर बोर्डाचे गुणही वाढतात हे दाखवलं.

होशंगाबादवाले म्हणतील, यात क्रांती कुठाय? खिरोदावाले म्हणतील, मुलाला दहावी पास व्हायचंय. मी कुणाच्या बाजूचा? वाचायला सुरुवात केली तेव्हा शंभर टक्के होशंगाबादचा. आता साठ टक्के. 'ऑक्सिडीकरण', 'अपस्करण' असले शब्द पहिल्यांदा ऐकलेलं पोरगं प्रयोग करूनही गप्पच बसतं, हे मी वर्गात बघितलंय.

तिसरी एक वाट आहे, थोडक्यात सांगतो. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले अन्नतंत्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे प्रयोग म्हणजे गावाचं खरं काम, वेल्डिंग, बांधकाम, रोपवाटिका, पाणी तपासणी. हा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या शाळांत मान्यताप्राप्त विषय म्हणून आला. नई तालीमशी त्याचं नातं लावून कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. विषय मोकळा वाटतोय, घ्या.

आता तुमच्या आराखड्याबद्दल. या विषयावर 'परिणामकारकता' मोजणारे प्रबंध भरपूर आहेत. प्रायोगिक गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी. त्यात उत्तरचाचणी कोणी काढली आणि ती काय विचारते, हे बघायला विसरू नका. एखाद्या काळाचा खरा अभ्यासक्रम शोधायचा तर मी पुस्तकाआधी प्रश्नपत्रिका मागतो. त्यानंतर साहित्याची खरेदीयादी, त्यानंतर शिक्षकांच्या बैठकीचे अहवाल. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, ती सगळीकडे सारखीच असते.

गेल्या उन्हाळ्यात औशाला आमच्या गल्लीतल्या आठ-दहा पोरांना घेऊन मी मातीचा तो राहिलेला प्रयोग केला. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापल्या, बुडाला भोकं, वर फडकं. एका टोळीने शेतातली काळी माती घेतली, दुसरीने मुरूम, तिसरीने नदीची वाळू. पाऊण ग्लास पाणी आणि मोबाईलचं घड्याळ. वाळूतून पाणी भराभर गेलं, मुरमातून जरा थांबून. काळ्या मातीने मात्र घोळ घातला. पहिल्या खेपेला पाणी भसकन खाली! पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण पुस्तकात तर उलटं. मलाही क्षणभर सुचेना. मग एका मुलीने ढेकळाकडे बोट दाखवलं, माती वाळून तडकलेली होती आणि पाणी भेगांतून पळालं होतं. दुसऱ्या खेपेला तीच माती फुगून बसली आणि पाणी वर तसंच उभं राहिलं. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पहिला पाऊस कुठे जातो, आणि नंतरचा पाऊस वरून का वाहतो, हे तिथे बाटलीत दिसत होतं.

पोरांनी दोन्ही खेपांचे आकडे लिहून घेतले. सातवीतला एक जण वही मिटता मिटता म्हणाला, "दादा, परीक्षेत यातलं कोणतं लिहायचं?"

मी म्हणालो, पुस्तकातलं लिही. आणि खाली दोन ओळी आपल्याही लिही, गुण कापले तर मला सांग. सहामाहीचा पेपर अजून व्हायचाय.